जळण फोडायचं मशीन: घेण्याआधी काय मोजायचं, घेतल्यावर कसं चालवायचं

हौसेनं मशीन घेतलं आणि वर्षाच्या आत ताडपत्रीखाली झाकलं, असे कोल्हापूरच्या करवीर-कागल भागातले तीन-चार जण माझ्या ओळखीचे आहेत. तक्रारी ठरलेल्या. सांगितला तेवढा माल निघत नाही. माणसं पूर्वीएवढीच लागतात. ओलं जळण म्हणून गिऱ्हाईक टेंपो परत पाठवतं. जाऊन बघितलं की मशीन बहुतेक वेळा ठीकच असतं. चुकलेलं असतं ते आधीचं मोजमाप, नाहीतर कामाचा क्रम.

इथं मशीन म्हणजे फायरवुड प्रोसेसर: एका टोकानं लांब ओंडका आत घेतो, करवतीनं ठोकळे पाडतो, हायड्रॉलिक दट्ट्यानं ते पाचरीवर ढकलून फोडतो आणि फोडलेला माल पट्ट्यावरून बाहेर टाकतो. नुसता फोडणारा, म्हणजे स्प्लिटर, त्याचा धाकटा भाऊ. खालचं बहुतेक सगळं दोघांनाही लागू आहे.

१. पहिल्यांदा गिऱ्हाइकाची चूल मोजा

टेप घेऊन गिऱ्हाइकाकडे जा. विचारू नका, मोजा. "फूटभर चालतंय" म्हणणाऱ्या हॉटेलवाल्याच्या चुलीचं तोंड मोजलं की कळतं, त्याला चौदा इंच लांब आणि मनगटाएवढं जाड लाकूड लागतं. चुलीवरच्या मटणाच्या खानावळी, मिसळीचा कट उकळणारे आणि लग्नातले आचारी यांना १२ ते १४ इंच पुरतं. बेकरीच्या भट्टीला दोन-अडीच फूट लागतं आणि ते जाड असलं तरी चालतं. बॉयलरवाले आणि वीटभट्टीवाले ओंडकेच घेतात. त्यांच्यासाठी फोडत बसणं म्हणजे डिझेल जाळणं.

गुऱ्हाळघरांच्या भरवशावर मशीन घेऊ नका. तिथं चुलवाणात उसाची चिपाडंच जातात, लाकूड वरखर्चापुरतं.

दोन लांब्या ठरवा, फार तर तीन. प्रत्येक लांबीला मशीनचा स्टॉपर, म्हणजे लांबी ठरवणारा अडसर, हलवावा लागतो आणि थप्पीही वेगळी लावावी लागते. पाच गिऱ्हाइकांच्या पाच लांब्या सांभाळणाऱ्याचा अर्धा दिवस पाना फिरवण्यात जातो.

२. मग लाकडाची जाडी मोजा

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश सांगतो.

तुमच्याकडे येणारं लाकूड कुठलं? आपल्याकडे जास्त करून निलगिरी, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, बांधावरची बाभूळ आणि सिल्व्हर ओक. एका ट्रॉलीतले पन्नास ओंडके बाजूला काढा, मधोमध व्यास मोजा आणि वहीत लिहा. मग हा हिशेब बघा.

१२ फूट लांब आणि २५ सेंटीमीटर जाड ओला ओंडका साधारण १७५ किलो भरतो. तेवढाच लांब पण १२ सेंटीमीटर जाड ओंडका भरतो ४० किलोच्या आसपास. जाडी निम्मी झाली की वजन चौथाईवर येतं. मशीनला मात्र दोन्ही ओंडक्यांचे ठोकळे दहाच पाडायचे असतात, दट्ट्या दहा वेळाच पुढं जातो आणि वेळही जवळपास तेवढाच लागतो. एका ठोकळ्याला कापणं-फोडणं धरून २० सेकंद आणि ओंडका चढवायला एक-दोन मिनिटं धरली, तर जाड लाकडात तासाला दोन टनांच्या आसपास माल निघतो. बारीक लाकडात अर्धा टन.

म्हणजे एकच मशीन, तीच माणसं, तेच डिझेल, आणि उत्पादनात चौपट फरक. विकणारा नेहमी जाड, सरळ, बिनगाठीच्या ओंडक्यावर मशीन चालवून दाखवतो. त्यात खोटं काही नाही. फक्त तुमची ट्रॉली तशी नसते.

वहीवरून लाकडाचे चार वाटे करा:

१० सेंटीमीटरपेक्षा बारीक लाकूड फोडायचंच नाही. ते प्रोसेसरवर एकेक करून चढवू नका. घोडीवर जुडी रचून चेनसॉने एकदम कापा.

१० ते १५ सेंटीमीटरला दोन फाका.

१५ ते ३० सेंटीमीटरला चार फाका. मशीनची खरी कमाई या मापात आहे.

३० च्या वरचे बुंधे आधी घण-पाचरीनं किंवा उभ्या स्प्लिटरवर उभे चिरून घ्या, नाहीतर तसेच भट्टीवाल्याला द्या.

तपासा: दुसरा आणि तिसरा वाटा मिळून तुमच्या मालाच्या निम्म्याहून कमी भरत असेल, तर प्रोसेसर घेऊ नका. चांगला स्प्लिटर आणि दोन चेनसॉ पुरतात. पैसे वाचतील आणि झोपही लागेल.

३. मशीनचे चार आकडे कागदावर घ्या

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत चौकशीला गेलात की पहिला आकडा कानावर पडतो टनाचा. "वीस टन मारतंय." त्यावर मान डोलावू नका. चार आकडे विचारा: सिलिंडरचा आतला व्यास, चालवण्याचा दाब, पंप मिनिटाला किती लिटर देतो आणि मोटर किती एचपीची.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. व्यास सेंटीमीटरमध्ये घ्या. त्याचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले दाब बारमध्ये. उत्तर किलोत येतं. १० सेंटीमीटरचा सिलिंडर १८० बारवर चालला तर १० × १० × ०.७८५ × १८०, म्हणजे १४ टन. आपल्या लाकडाला ते पुरून उरतात. साडेसात सेंटीमीटरच्या सिलिंडरवर कोणी वीस टन सांगत असेल, तर त्याला साडेचारशे बार दाब लागेल. साध्या गिअर पंपाचा आवाका फार तर अडीचशे बारचा. तिथूनच उठा.

वेग हा ताकदीपेक्षा महत्त्वाचा, आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही. वेग येतो पंपाच्या लिटरवर. वरच्या १० सेंटीमीटरच्या सिलिंडरला मिनिटाला १५ लिटरचा पंप लावला तर ४५ सेंटीमीटर पुढं जाऊन मागं यायला दट्ट्याला जवळजवळ २५ सेकंद लागतात. दिवसाला हजार ठोकळे धरा. सात तास नुसते दट्ट्याकडे बघण्यात गेले.

मग मोठा पंप लावावा का? त्याला एचपी लागते. दाब गुणिले लिटर भागिले ३८० केलं की एचपी येते. १८० बार आणि ४० लिटरला १९ एचपी. साडेसात एचपीच्या मोटरवर हे जमणार नाही, मोटर जळेल. यावर उतारा म्हणजे दोन टप्प्यांचा पंप. दट्ट्या मोकळा सरकत असतो तेव्हा हा पंप भरपूर तेल देतो, त्यामुळे दट्ट्या जोरात पळतो. लाकूड लागलं, दाब वाढला, की आपोआप कमी तेल आणि जास्त दाबावर जातो. बहुतेक ठोकळे पहिल्या फटक्यातच उकलतात, म्हणून पुढं-मागं मिळून आठ-दहा सेकंदांत काम होतं. साडेसात एचपीत हे बसतं. किंमत थोडी जास्त पडते, पण मशीनवर पैसे घालायची एकच जागा निवडायची असेल तर ती ही.

ट्रॅक्टर की मोटर?

जळण कापून-फोडून वाळवायचे दिवस दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचे. आपल्याकडे नेमका तोच ऊसतोडीचा हंगाम. ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत उभा असतो आणि पीटीओवरचं, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालणारं, मशीन घरात. मी पहिल्या वर्षी हेच केलं. भाच्याचा ट्रॅक्टर हक्काचा म्हणून पीटीओचं मशीन घेतलं आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये ट्रॅक्टर माझ्या वाट्याला आला एकूण अकरा दिवस. भाच्याला बोल तरी काय लावणार, उसाचे पैसे सोडून मामाची लाकडं कोण फोडेल?

ट्रॅक्टर फक्त याच कामाला राहणार असेल तरच पीटीओ. आणि तेव्हा वेग वाढवणारी गिअरबॉक्स हवीच. पीटीओ फिरतो मिनिटाला ५४० फेरे, पंपाचं माप लिहिलेलं असतं १५०० फेऱ्यांवरचं. थेट जोडला तर ४० लिटरचा पंप १४-१५ लिटरच देतो आणि दोष मशीनवर येतो.

मोटर घेणार असाल तर थ्री फेज जोडणी औद्योगिक किंवा व्यावसायिक दराची घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर मशीन चालवणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. शिवाय ती वीज रात्रीच्या पाळीतही येते, आणि रात्री हे मशीन चालवायचं नसतं. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर झटका न देता सुरू करणारा) आणि सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवूनच घ्या.

चेन की गोल पातं?

गोल पातं टिकाऊ आहे आणि धारही कमी वेळा मागतं. पण ते व्यासाच्या निम्म्याहून कमी जाडी कापतं. ७०० मिलिमीटरचं पातं पाव मीटरच्या आसपास थांबतं. चेन जाड लाकूड घेते, पण कापताना भुसा जास्त पाडते आणि रोज धार लागते. मिश्र लाकूड असेल तर चेन घ्या. सगळी निलगिरी एका मापाची असेल तर पातं.

४. जागा: लाकूड दोनदा उचलायचं नाही

मशीन किती वेगवान आहे हे त्याच्या तोंडाशी आणि शेपटीशी ठरतं. तोंडाशी ओंडका खांद्यावरून आणून चढवावा लागत असेल, तर दट्ट्या कितीही पळू दे, हमाल दमला की मशीन थांबलं.

तोंडाला कमरेच्या उंचीचा ओटा करा. दोन जाड लोखंडी बीम मशीनकडे किंचित उतरते ठेवा आणि ट्रॉली त्यांच्या मागच्या बाजूला लावा. ओंडके ओट्यावर घरंगळत पुढं येतात. एका वेळी दहा-बारा ओंडके ओट्यावर असले की चालवणाऱ्याला वाट बघावी लागत नाही. उतार बेताचाच ठेवा आणि मशीनच्या तोंडाशी दोन काढते खुंट लावा. एकदम चार ओंडके सुटले तर चालवणाऱ्याच्या पायावर येतात.

शेपटीला पट्टा एवढा उंच हवा की माल थेट ट्रॉलीत किंवा जाळीच्या पिंजऱ्यात पडेल. जमिनीवर रास पडली की ती परत उचलायला दोन माणसं लागतात. "माणसं तेवढीच लागतात" ही तक्रार या राशीतून येते. पट्ट्याच्या सुरुवातीला गजांची जाळी ठेवा. साली आणि बारीक ढलप्या खाली गळतात, गिऱ्हाइकाला स्वच्छ माल मिळतो.

जमीन मुरमाची आणि उंचवट्याची बघा. पंचगंगेच्या काठची सपाट जागा उन्हाळ्यात छान दिसते, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्याला विचारा. भिंतीवरची खूण अजून असते.

५. कागदपत्रं

थोडक्यात सांगतो, पण टाळू नका. आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, साग अशी झाडं महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत आहेत. ती खासगी मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहराच्या हद्दीतल्या झाडांना १९७५ चा वेगळा कायदा आहे. माल घेताना शेतकऱ्याकडून सातबारा, तोडीची परवानगी आणि जिथं लागतो तिथं वाहतूक पास यांच्या प्रती घेऊन फाइल करा. आणि करवत बसवण्याआधी वन विभागाच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन तुमच्या मशीनला परवाना लागतो का याचं लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालतंय की" वर लाखाचं मशीन आणू नका.

६. बटण दाबण्याआधीची दहा मिनिटं

हा क्रम रोजचा. भिंतीवर लिहून लावा.

तेलाची पातळी बघा, दट्ट्या पूर्ण आत असताना. हायड्रॉलिक तेल ६८ नंबरचं, आपल्या उन्हाळ्याला तेच बरं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, फेस आला तर पंपाच्या शोषण नळीत हवा जातेय. दोन्हीत मशीन सुरू करायचं नाही.

होज पाइप नजरेनं तपासा.

सावधान: गळती शोधायला पाइपवरून हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून येणारं १८० बारचं तेल कातडीतून आत घुसतं. वरून डास चावल्यासारखं दिसतं, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट जायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. कधी तेल टोचलंच तर हळद लावत बसू नका, त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

चेनचा ताण बघा. चेन ज्यावर फिरते त्या पट्टीखालून हातमोजा घालून ओढली तर जरा उचलावी आणि परत बसावी. चेनला जळकं इंजिन ऑइल घालायची आपल्याकडे सवय आहे. त्यात लोखंडाचे कण असतात, ते पट्टी आणि चेन दोन्ही खातात. शिवाय हे लाकूड कुणाच्या तरी भाकरीखाली जळणार आहे.

पीटीओ शाफ्टवर प्लॅस्टिकचं कवच हवंच. लुंगी, खांद्यावरचा टॉवेल, पदर, ओढणी, लोंबणारे दोरे यांपैकी काही अंगावर असलं तर मशीनपासून लांब. चालवणाऱ्याला बूट, चष्मा, कानाला मफ.

मशीन सुरू करून दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्या. मग दट्ट्या रिकामाच दोनदा पुढं-मागं करा. डिसेंबरात सकाळी सातला गगनबावड्याकडच्या वाऱ्यात तेल घट्ट असतं. पहिल्याच मिनिटाला ओंडका घातला की पंप किंचाळतो.

७. चालवायचा क्रम

लिव्हरवर माणूस एकच. बाकीच्यांपैकी एक ओटा सांभाळेल, दुसरा पट्टा. एकानं दट्ट्या चालवायचा आणि दुसऱ्यानं ठोकळा सरळ करायचा, ही जोडी बोटं घालवते. विकत घेतलेल्या मशीनला दोन्ही हातांचे लिव्हर असतील (दोन्ही हात गुंतले तरच दट्ट्या हलतो) तर त्यातला एक दोरीनं बांधून ठेवू नका. हे मी जवळजवळ प्रत्येक ठिकाणी बघतो.

ओंडका घेण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार असतेच, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे. सालीवर निळसर-काळा डाग म्हणजे आत लोखंड. तो ओंडका बाजूला काढा. चिखलाचे ओंडके झाडून घ्या. चिखलातली वाळू चेनची धार मिनिटात घालवते. चेन शाबूत आहे का हे भुशावरून कळतं. ढलप्या पडत असतील तर धार आहे. पिठासारखा भुसा पडायला लागला की थांबा आणि कानस लावा. धार नसताना दाबून कापलं की पट्टी तापते, कापही तिरका जातो.

तिरक्या कापाचा ठोकळा पाचरीवर वाकडा बसतो. म्हणून धार जपणं म्हणजे फोडणंही जपणं.

एका मापाचे ओंडके सलग घ्या. पाचर वर-खाली करायचं लिव्हर प्रत्येक ओंडक्याला फिरवावं लागलं की लय मोडते. सकाळी २०-२५ सेंटीमीटरवाले, दुपारी बारीक. गाठीचे आणि बेचक्याचे ठोकळे मशीनवर घालूच नका, एका कोपऱ्यात टाका. आठवड्याला एकदा चार पात्यांची पाचर काढून दोन पात्यांची लावा आणि ते सगळे एकदम उरका.

निलगिरी ओलीच फोडा. वाळली की तिचे पिळलेले तंतू एकमेकांना धरून बसतात आणि मऊ वाटणारं लाकूड दगड होतं. बाभळीचंही तसंच. "आधी वाळू दे, मग फोडू" हे इथं उलटं आहे: आधी फोडा, मग वाळवा.

तपासा: दोन तासांनी तेलाच्या टाकीला हात लावा. हात ठेववत नसेल तर तेल साठ अंशाच्या पुढं गेलंय. थांबा, टाकीवरचा भुसा झाडा, मशीन सावलीत घ्या. टाकी लहान असेल तर हे रोज होणार. पंप मिनिटाला जेवढे लिटर देतो त्याच्या अडीच-तीन पट टाकी हवी, हे ऑर्डर देतानाच सांगायचं.

८. अडकलं तर

ठोकळा पाचरीत रुतला की पहिलं काम दट्ट्या मागं घेणं. दुसरं, मशीन बंद करून चावी किंवा फ्यूज खिशात टाकणं. तिसरं, लोखंडी आकड्यानं ठोकळा ओढणं. हातानं नाही, पायानं ढकलून नाही. क्रम बदलायचा नाही, घाई कितीही असो.

आणि रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणाऱ्या झडपेचा, बोल्ट पिळायचा नाही. दुसऱ्या हंगामात आमच्याकडे बाभळीच्या एका बेचक्यावर दट्ट्या थांबत होता. मी गावाला गेलो होतो. पोरानं कुणाचं तरी ऐकून बोल्ट फेरा-दीड फेरा आवळला. बेचकं फुटलं, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी पाचरीच्या बुडाची वेल्डिंग उकलली आणि पाचर कलली. उद्यमनगरातून मिस्त्री आला, मशीनकडे बघितलं नाही, थेट व्हॉल्व्हपाशी वाकला. "मालक, ह्यो बोल्ट कुनी पिळलाय?" पोरानं मान खाली घातली. तेव्हापासून त्या बोल्टवर लाल रंगाचा ठिपका आहे, नटावर आणि व्हॉल्व्हच्या अंगावर मिळून एक रेघ. रेघ तुटली की कळतं. तुम्हीही मारून घ्या, दहा रुपयांचा रंग लागतो.

९. वाळवण आणि वजनाचा हिशेब

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं. चुलीत नीट जळायला ते २० टक्क्यांच्या आत हवं. निम्मं पाणी असलेल्या एका किलोतून साधारण १,९०० किलोकॅलरी मिळतात. २० टक्क्यांवर आलेल्या किलोतून ३,४००. खानावळवाल्याला हे आकडे माहीत नसतील, पण डोळ्याला धूर लागतो तेव्हा हिशेब बरोबर कळतो.

तुमचा हिशेब मात्र इथं बुडतो. निम्मं पाणी असलेला १,००० किलो ओला माल २० टक्क्यांवर वाळला की ६२५ किलो राहतो. समजा चार रुपये किलोनं घेतला असेल, तर मजुरी-डिझेल धरायच्या आधीच तो ६ रुपये ४० पैशांचा झाला. ओल्यावर भाव काढून वाळलेला विकणारे वर्षभर राबतात आणि मार्चमध्ये पैसे गेले कुठं म्हणून वही चाळतात.

थप्पी जमिनीवर लावू नका. खाली जुने वासे किंवा पॅलेट टाकून टीचभर उचला. ओळी अशा लावा की वारा मधून जाईल, दोन ओळींत हातभर जागा सोडा. झाकायचं ते वरून. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत वाफ धरते आणि बुरशी येते.

ओलावा मोजायला दोन सुयांचं मीटर मिळतं. ते फाकेच्या टोकाला लावू नका, टोक आधी वाळतं. फाक पुन्हा उभी फोडा आणि ताज्या आतल्या अंगावर मोजा. आणि लक्षात ठेवा, ही मीटर बहुधा कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के दाखवतात. मीटरवरचे २५ म्हणजे आपल्या हिशेबाचे २०.

मीटर नको असेल तर थप्पीतल्या दहा फाकांवर खडूनं नंबर घाला आणि दर रविवारी वजन करून लिहा. सलग दोन रविवार वजन उतरलं नाही की माल तयार.

१०. मेच्या शेवटच्या आठवड्यात

मृगाआधी तयार माल छताखाली गेलाच पाहिजे. जुलैत विकायचं जळण मेमध्येच शेडमध्ये असतं. पत्र्याच्या पागोळ्या थप्पीवर पडत नाहीत ना, ते पहिल्या वळवातच बघून घ्या.

मशीनचं तेल गाळून बघा, फिल्टर बदला. नव्या मशीनचा पहिला फिल्टर तर पन्नास तासांतच बदलायचा असतो, कारण पाइपातली वेल्डिंगची कुसं त्यात अडकतात. चेन काढून तेलात ठेवा, पट्टी उलटी करून बसवा म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील. मोटर कोरड्या गोणपाटानं झाका, प्लॅस्टिकनं नको, आतून घाम येतो. जागा सखल असेल तर मोटर आणि स्टार्टर काढून माळ्यावर.

दट्ट्याचा रॉड पुसा, ग्रीस लावा आणि पूर्ण आत घेऊन ठेवा. चार महिने बाहेर राहिलेल्या क्रोमवर गंजाचे ठिपके येतात, आणि दिवाळीनंतरच्या पहिल्याच दिवशी तेच ठिपके सिलिंडरचं सील फाडतात.